काय म्हणलास?

माझ्या अभ्यासिकेत ४२ खुर्च्या आहेत, म्हणजे १६८ पाय. प्रत्येक पायाला मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवलाय. दुहेरी घडी, वर सुतळीचे तीन वेढे, आणि गाठ बाजूला. गाठ खाली आली की खुर्ची डुगडुगते. बाजारात तयार बुचं मिळतात, पण ती दोन महिन्यांत चिरतात आणि मग फरशीवर आणखीच करकरतात. ट्यूब टिकते. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला मला फाटक्या ट्यूबा फुकट देतो आणि दर वेळी तोच विनोद करतो, "सर, एवढ्या ट्यूबा खाता का काय?"

लातूरच्या ट्यूशन एरियात अभ्यासिका चालवायची म्हणजे शांतता विकायची. पाटीवर एसी, वायफाय, लॉकर, आरओचं पाणी असं पुष्कळ लिहिलेलं असतं, पण पोरं महिन्याला हजार-बाराशे मोजतात ते खोलीवर न मिळणाऱ्या गोष्टीसाठी. एका खोलीत चौघं. एक मोठ्यानं पाठ करणार, एक मोबाइलवर लेक्चर ऐकणार, एक गावाकडं फोन लावून म्हैस व्याली का विचारणार, आणि खाली मेसची भांडी. हिंगोलीचं, सेलूचं, गेवराईचं, देगलूरचं पोरगं सकाळी सहाला कुलूप उघडायच्या आधीच माझ्या दारात उभं असतं. बापानं सोयाबीन विकून फी भरलेली असते. त्याला निटमध्ये किती मार्क पडतील हे माझ्या हातात नाही. दोन तास त्याच्या डोक्यात दुसरं कुणी शिरू नये, एवढंच माझ्या हातात आहे. निदान मी तसं समजत होतो.

शांत खोलीची सवय लागली की कान फार नखरे करायला लागतात. बटणाच्या पेनावर मी पहिल्याच वर्षी बंदी घातली. मग कुरकुऱ्यांची पिशवी. मग थंडीत नाक ओढणं, त्यावर बंदी घालता येत नाही, पण रुमाल आणायला सांगता येतं. एकदा एक मुलगी तक्रार घेऊन आली, "सर, शेजारचा मुलगा पान उलटताना बोट जिभेला लावतो, त्याचा आवाज येतो." मला हसू आलं. ती गेल्यावर तिच्या जागेवर जाऊन बसलो. येतो आवाज.

हे नुसते लाड नाहीत. अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये एका शाळेला लागून उंच पुलावरून रेल्वे जायची, शाळा भरलेली असताना दर साडेचार मिनिटांनी एक. अर्लिन ब्रोंझाफ्ट नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक बाईंनी तिथल्या मुलांचं वाचन तपासलं आणि १९७५ साली ते प्रसिद्ध केलं. शाळा तीच, शिक्षण तेच, फक्त काही वर्ग रुळांच्या बाजूचे आणि काही पलीकडच्या बाजूचे. सहावीपर्यंत जाता जाता रुळांकडची मुलं वाचनात जवळजवळ एक वर्ष मागं पडलेली निघाली. पुढं रेल्वेवाल्यांनी रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, शिक्षण मंडळानं वर्गांना आवाज शोषणारं छत लावलं, आणि पुन्हा तपासलं तेव्हा दोन्हीकडची मुलं बरोबरीला आली होती. मी हे वाचलं त्या दिवशी पंक्चरवाल्याकडं जरा ताठ मानेनं गेलो.

भिंतीच्या आत हे असं. बाहेर लातूर. ॲटो, प्रेशर हॉर्न, सायलेन्सर काढून फटाके फोडत जाणारी बुलेट, गेलेल्याची पुण्यतिथी, आलेल्याचं स्वागत, वाढदिवस, आकाशकंदील विकणारा भोंगा, भंगार विकत घेणारा भोंगा. त्यांचं मी मनावर घेत नाही, दुकान रस्त्यावर टाकलंय म्हटल्यावर. मला घोर लागतो तो कॅलेंडरचा. निट बहुतेक वर्षी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असते, आणि दाट तिथीची लग्नं एप्रिल-मेमध्ये. वर्षभर पोरांनी रक्त आटवायचं आणि शेवटच्या पंधरवड्यात रोज खिडकीखालून एक नवरदेव जायचा, असा हा योग आहे. कुठल्या पत्रिकेत जुळला कोण जाणे.

ह्या सगळ्याला ध्वनिप्रदूषण म्हणतात हे मला पाट्यांवर वाचून माहीत आहे. आमच्या घरात कुणी तसं म्हणत नाही. माय म्हणते कालवा. अप्पा काहीच म्हणत नाहीत, कारण अप्पांना ऐकू येत नाही.

अप्पांनी ३१ वर्षं दाळमिलमध्ये काढली. लातूरची तूरडाळ देशभर जाते, पण ती होते कशी हे खाणाऱ्यांना माहीत नसतं. मोंढ्यातून तूर आली की आधी चाळणीवर. मग एमरीच्या रोलवर घासायची, सालीला चरे पाडायचे. मग तेलपाणी लावून पटांगणात उन्हात वाळवायची, पुन्हा रोल, पुन्हा चाळणी. खालची डाळ वर न्यायला डब्यांचा पट्टा सतत खडखडत असतो. हे सगळं पत्र्याच्या शेडमध्ये. पत्रा आवाज पीत नाही, परत फेकतो. लहानपणी डबा द्यायला गेलो की मी दाराशीच कानात बोटं घालून उभा राहायचो आणि अप्पा आतून हातानं विचारायचे, काय आणलंय. आतली सगळी माणसं हातवाऱ्यांनीच बोलायची. मूठ म्हणजे बंद कर, तळहात खालीवर म्हणजे हळू सोड, अंगठा ओठाला म्हणजे चहा. मला तो खेळ वाटायचा.

संध्याकाळी घरी आले की अप्पा मिलमधल्याच आवाजात बोलायचे. आमच्याकडं भाजी काय झाली हे गल्लीला कळायचं. माय म्हणायची, "हळू बोला, गल्लीला सांगायलाव का?" आणि अप्पा म्हणायचे, "काय म्हणलीस?" हा आमच्या घरातला रोजचा विनोद होता. दहा-बारा वर्षं तो विनोदच राहिला.

मिलमध्ये धुळीसाठी गूळ मिळायचा. कानासाठी काही नव्हतं. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि मोठ्या आवाजानं येणारा बहिरेपणा अप्पांच्या वेळच्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत रोग म्हणून नोंदवलेला होता, तो झाला तर सरकारला कळवायचा असतो, हे मला फार उशिरा समजलं. अप्पांना मी पाटीवर लिहून दाखवलं. ते म्हणाले, "मग कळव की आता."

कानाची तपासणी केली तेव्हा तिथल्या ताईंनी एक आलेख दाखवला. रेघ डावीकडून बऱ्यापैकी सरळ येते आणि ४,००० हर्ट्झच्या आसपास विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. आवाजानं गेलेले कान असेच दिसतात म्हणे. भाषेतले स, श, फ, थ हे बारीक आवाज त्याच वरच्या भागात असतात. स्वर खाली राहतात, ते टिकतात. म्हणून अप्पांना माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. साप, ताप, काप त्यांच्यासाठी एकच शब्द आहे, मधला आ. माझा जाड आवाज थोडाफार पोचतो, पण नातीचा पोचत नाही. ती सहा वर्षांची होईपर्यंत बोलून बोलून थकली, आता ती आजोबांशी हातानं बोलते. चहाला अंगठा ओठाला लावते. तिला ते कुणी शिकवलं, मी विचारलेलं नाही.

आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते, तिच्यात बारीक केसांच्या पेशी असतात, एका कानात १५ हजारांच्या आसपास. आवाजाच्या लाटेनं त्या वाकतात आणि मेंदूला निरोप जातो. फार जोरात किंवा फार वेळ वाकवल्या की मोडतात. उसाला खोडवा येतो, ह्या पेशींना येत नाही. मोडली ती मोडली.

कानाचं मशीन घेतलं होतं. अप्पांनी ते आठ दिवस घातलं आणि मग चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवून दिलं. त्यांचं म्हणणं असं की त्यानं बोलणं वाढत नाही, भांडी वाढतात. शिवाय त्यांच्या कानात आतूनच एक आवाज चालू असतो, किर्र असा, दिवसरात्र. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाले, "मिल बंद झाली, पर डोक्यातली बंद होईना."

मायचं दुखणं उलटं आहे. तिचे कान अजून हरणासारखे आहेत, आणि त्याला कारण १९९३.

त्या वर्षी मी ११ वर्षांचा होतो. अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालं होतं, आदल्या रात्री मिरवणुकीत नाचून गावंच्या गावं थकून झोपली होती. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. निलंगा, औसा, उमरगा भागात घरांच्या दगडमातीखाली हजारो माणसं गेली. आम्ही चाळीस-एक किलोमीटरवर, लातुरात. मला आठवतं ते एवढंच की आधी मांडणीवरच्या ताटल्या वाजल्या. किणकिण किणकिण, कुणी नखानं वाजवाव्यात तशा. मग सगळं घर. मायनं मला बखोटीला धरून अंगणात फेकलं, अक्षरशः फेकलं.

तेव्हापासून मांडणीवरचं ताट वाजलं की माय उठते. आता आमच्या गल्लीतून डीजे जातो तेव्हा दूर चौकात असतानाच ताटल्या वाजायला लागतात. तिला माहीत असतं की लग्न आहे. तासाभरापूर्वी तिनंच पत्रिका वाचलेली असते. तरी ती उठते, दाराशी जाते, कडी काढते, आणि मग स्वतःवरच चिडून परत येते. बत्तीस वर्षं झाली. आमच्या भागात असल्या बायका घरोघरी आहेत. २०२२ च्या सप्टेंबरात हासोरीकडं जमिनीतून गूढ आवाज येत होते, २०२३ च्या फेब्रुवारीत लातूर शहरातच विवेकानंद चौकाच्या बाजूला आले, भूकंपाची नोंद नव्हती तरी लोक घराबाहेर येऊन उभे राहिले. ह्या जिल्ह्याला जमिनीकडं कान लावून झोपायची सवय आहे, आणि आम्ही नेमकं त्यांच्या उशाशी बेस वाजवतो.

बेसची एक गंमत आहे, गंमत म्हणवत नाही खरं तर. आवाज मोजायचं यंत्र कानासारखं ऐकावं म्हणून त्यात एक चाळणी लावलेली असते, आपल्या नियमांतला डेसिबलचा आकडा ह्याच चाळणीतून येतो. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून ही चाळणी ६३ हर्ट्झच्या आवाजातून २६ डेसिबल वजा करून टाकते. कानापुरतं ते बरोबर असेल. पण छातीला, खिडकीच्या काचेला आणि मायच्या ताटल्यांना चाळणी नसते. बारीक आवाज भिंतीला अडतो, जाड आवाज भिंत पार करून येतो. म्हणून खिडक्या लावल्या की गाणं जातं आणि धडधड तेवढी उरते.

झोपेतही कान चालू असतात. माणूस उठत नाही, सकाळी विचारलं तर 'झोप झाली' म्हणतो, पण आवाज झाला की झोपेतल्या झोपेत नाडी वाढते, रक्तदाब चढतो, वाघ आल्यावर अंगात जी द्रव्यं सुटतात ती सुटतात. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की हृदयावर परिणाम होतो, हे जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगते आहे. रात्री घराबाहेर आवाज ४० डेसिबलच्या वर नसावा असं तिनं २००९ मध्ये युरोपसाठी सुचवलं. आपल्या २००० सालच्या नियमांत राहत्या भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ आहे. माझ्या मोबाइलवरचं ॲप काही प्रमाण मानण्यासारखं नाही, पण रात्री अकराला आमच्या माडीवर ते ४५ दाखवेल अशी एकही रात्र मला आठवत नाही. मायला बीपीची गोळी चालू आहे. त्याचं खापर मी डीजेवर फोडत नाही. वय आहे, मीठ आहे, मी आहे.

आम्ही आवाजाला नाजूक माणसं आहोत असंही नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिली गाडी १२ एप्रिलला आली. त्या दिवसांत रात्र रात्र बोअरच्या गाड्या चालायच्या. तमिळनाडू पासिंगची एक गाडी खणायला, दुसरी कॉम्प्रेसरची. खाली काळा पाषाण. पाचशे, सहाशे, सातशे फूट. शेजारी बोअर पाडायला लागला तेव्हा दोन रात्री आमच्या घरातलं कुणी झोपलं नाही आणि कुणी एक शब्द काढला नाही. उलट आम्ही त्या आवाजातच कान देऊन बसायचो, कारण पाणी लागलं की आवाज बदलतो, कोरडा खडखडाट ओला होतो. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला माय म्हणाली, "बदलला." बदलला नव्हता. सकाळी पांढरी राख उडाली नुसती, शेजाऱ्यानं फोडायला आणलेला नारळ तसाच घरात नेला.

तेव्हा आवाज सोसायला आम्ही तयार असतो. कुणाचा आणि कशासाठी, एवढाच प्रश्न. आणि तो विचारायचा कुणी हा त्याहून मोठा.

मागच्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. रात्रीचे पावणेअकरा. अभ्यासिकेत तीस-पस्तीस पोरं, आणि खाली वरात येऊन थांबली. चौक आला की वरात थांबतेच. वर काचा थरथरायला लागल्या. पोरांनी माना वर केल्या, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा खाली घातल्या. एकानं कानात बोटं घालून कोपरांनी पुस्तक धरलं. ते बघून मी ११२ ला फोन लावला.

नियम मला पाठ आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट, तीही सण-उत्सवांसाठी, जिल्हाधिकाऱ्यांच्या यादीतल्या दिवशी. लग्न त्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २००५ च्या निकालात सांगितलंय की बोलायचा हक्क म्हणजे दुसऱ्याला बळंच ऐकवायचा हक्क नव्हे, आणि शांतपणे जगणं हा एकविसाव्या कलमातलाच भाग आहे. हे सगळं डोक्यात घेऊन मी फोनवर बोललो. पलीकडच्यानं नाव विचारलं, पत्ता विचारला. मी सांगितलं.

दहाव्या मिनिटाला माझा फोन वाजला. नवरदेवाचा मामा. "सर, आपलीच पोरं हायेत. फोन तुम्हीच केलता का?"

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं भोंग्यांच्या एका प्रकरणात पोलिसांना बजावलं की तक्रारदाराची ओळख विचारत बसू नका, आणि कळली तरी ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला सांगू नका. वाचलं तेव्हा मी बायकोला म्हणालो, न्यायमूर्ती आपल्या गल्लीत राहून गेलेले दिसतात. कारण डेसिबलची भीती कुणालाच नसते, भीती असते 'फोन तुम्हीच केलता का'ची. लग्नाचा आवाज कमी करा म्हटलं की तुम्ही त्या घराच्या वाईटावर. मिरवणुकीचा म्हटलं की देवाच्या विरोधात, जयंतीचा म्हटलं की महापुरुषाच्या, भोंग्याचा म्हटलं की धर्माच्या, वाढदिवसाचा म्हटलं की साहेबांच्या. नुसतं आवाजाच्या विरोधात असायची सोयच नाही. त्या वरातीनंतर आठ दिवस चहाच्या हॉटेलात मी गेलो की कुणीतरी तोंडावर बोट ठेवायचं. जिन्यातल्या पाटीवर 'शांतता राखा' होतं, त्यातला 'शां' कुणीतरी खरवडून काढला. 'तता राखा.' मी ती अजून बदललेली नाही. पोरांना आवडते.

मामाला फोनवर मी "नाही, मी नाही केला" म्हणालो. खोटं बोललो. आणि मग त्या खोट्याची लाज वाटली म्हणून असेल, जिना उतरून खाली गेलो.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर खोक्यांची दुमजली भिंत, मागं जनरेटर, आणि मधल्या फटीत बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा मिक्सरवर वाकलेला. डोक्याला रुमाल बांधलेला, रुमालाखाली कानात कापसाचे बोळे. मी ओरडून म्हणालो, वर परीक्षेची पोरं आहेत, जरा पुढं घ्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं. उजवा तळहात कानामागं धरला, मान तिरकी केली, डोळे माझ्या ओठांवर ठेवले आणि म्हणाला, "काय म्हणलात?"

ही नक्कल मी रोज जेवताना बघतो. तळहात, मान, ओठांवर डोळे. फक्त केस काळे होते.

गाणं बदलताना जरा उसंत मिळाली तेव्हा तो बोलला. औशाकडचा. बारावीला दोनदा बसला, मग हे. ट्रॅक्टर हप्त्यावर, खोकी दुसऱ्याची. "सर, मी कमी केलं तर पोरं अंगावर येतेत. बेस कमी वाटला की मालक पैसे कापतो." मी कानाकडं बोट दाखवलं. तो हसला. "रात्री घरी गेल्यावर किर्र वाजतंय. सकाळी उठलं की जातंय."

जातंय, म्हणजे पेशी अजून वाकून परत उभ्या राहतायत. हे कितीदा होतं त्याचा हिशोब ठरलेला नसतो. अप्पांचंही सुरुवातीला रविवारी जायचं म्हणे. डेसिबलची शिडी फसवी आहे, चढताना कळत नाही. मिलमध्ये एका रोलशेजारी तेवढ्याच आवाजाचा दुसरा रोल चालू केला की आकडा ९० चा १८० होत नाही, ९३ होतो. म्हणजे तीनच्या पायरीला आवाजाची ताकद दुप्पट, आणि कान धोक्याबाहेर राहण्याचा वेळ निम्मा. ८५ ला आठ तास धरले तर ८८ ला चार, ९१ ला दोन, आणि १०० ला पंधरा मिनिटं. खोक्यांपाशी आवाज शंभरच्या सहज पुढं जातो, आणि वरात दोन-अडीच तास चालते. सीझनला रोज एक, कधी दोन.

हे सगळं मी त्याला तिथं सांगितलं नाही. कसं सांगणार, ऐकू कुणाला येत होतं. काउंटरच्या खणात पोरांसाठी फोमचे नारिंगी बोळे ठेवलेले असतात, कानात घालायचे. वर जाऊन एक जोडी आणून त्याला दिली आणि दाबून, चेपून, धरून ठेवायचं ते करून दाखवलं. त्यानं घातले. फुगले तसा त्याचा चेहरा बदलला, भुवया वर गेल्या, अंगठा दाखवला. आवाज तेवढाच ठेवला. पाच मिनिटांनी वरात आपसूक पुढं सरकली, माझ्यामुळं नाही, नवरदेवाच्या घोड्यानं पुढं ओढलं म्हणून.

आता एक सांगायचं राहिलंय, ते टाळता येतं का बघत होतो. २०१९ ला माझ्या पुतण्याचं लग्न झालं तेव्हा डीजेचा इसार माझ्याच हातानं दिला गेला. थोरल्या भावानं म्हटलं, पोरांची हौस आहे. मी एकदा "कशाला" म्हणालो, तेही हळू. भाऊ म्हणाला, "मग काय मयतासारखं न्यायचं का नवरदेवाला?" मी पैसे दिले. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीला जाऊन मांडवात यायला पावणेतीन. अक्षता पडल्या तेव्हा निम्मे पाहुणे जेवून झाडाखाली आडवे झाले होते. गावात शाळा होती, दवाखाना होता, एक बाळंतीणही असेल. मला तेव्हा काही आठवलं नाही.

त्या गर्दीत अप्पा दिसेनात म्हणून शोधायला गेलो, तर ते खोक्यांच्या अगदी पुढ्यात उभे. मी त्यांना ओढायला लागलो. त्यांनी माझा हात झटकला. एक हात त्यांनी छातीवर ठेवला होता आणि दुसरा खोक्याच्या लाकडावर, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा. डोळे मिटलेले. मी त्यांच्या तोंडासमोर गेलो आणि हातवारे करून म्हणालो, चला, कान जातील. ते हसले. इतक्या वर्षांत ते इतके मोकळे हसलेले मी पाहिले नव्हते. म्हणाले, "हे मला यायलंय." मग स्वतःच दुरुस्त करून, "ऐकू नाही. पर यायलंय."

मी त्यांना तिथंच उभं राहू दिलं. काय करायला हवं होतं, अजून माहीत नाही.

हल्ली अप्पा दुपारचं जेवण झालं की पेपर घेऊन अभ्यासिकेत येतात. घरी फ्रिज, कुकर, नातीचं कार्टून चालू असतं, त्यातलं त्यांना धड काही ऐकू येत नाही, पण सगळं मिळून एक गढूळ आवाज होतो आणि त्यानं ते थकतात. इथं म्हणे डोक्यातली मिल तेवढी एकटी चालते, तिची सवय आहे. दाराजवळची ३८ नंबरची खुर्ची मी त्यांच्यासाठी मोकळी ठेवतो. निटच्या आधीचा शुक्रवार होता. खोलीत पंख्यांशिवाय काही हलत नव्हतं. अप्पा आले, चप्पल बाहेर काढली, आणि ३८ नंबर ओढली. एका पायाची ट्यूब कधी निसटली होती कोण जाणे. फरशीवरून लोखंड असं किंचाळलं की खोलीभर माना वर झाल्या.

अप्पांना काही कळलं नाही. ते बसले, धोतराचा सोगा सावरला, पेपर उघडला. सगळे माझ्याकडं बघत होते. मग एकेक मान खाली गेली. अप्पांनी अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं.